उघडा कंस

क्लाक्स्वीकच्या बंदर-कचेरीत सकाळचे अकरा,
खिडकीबाहेर धुकं असं
की समोरचा डोंगर कुणी खोडरबरानं घासून टाकलाय.
मार्यून कॉफीचा मग कीबोर्डपासून हातभर लांब ठेवते
(गेल्या वर्षीची गोष्ट, सांगत नाही)
आणि सव्वाशे वर्षांची नोंदवही
पडद्यावर ओळीनं उभी करते.

जुन्या कारकुनांना कंसांचं भारी वेड.
नाव लिहायचं, आणि कंसात त्याचं नशीब.
हान्नुस (बुडाला), बायको एल्स्पा, मुलगी सुन्नेवा, धाकटा ओली (गोवराने).

वरून हुकूम आला होता : शेरे काढा, नावं ठेवा.
सोपं काम. जेवणाआधी होईल.
तिनं लिहिलं :
उघडणारा कंस, मग टिंब, मग तारा, मग मिटणारा कंस,
आणि या सगळ्याच्या जागी काही नाही.
टिंब म्हणजे कुणीही.
तारा म्हणजे कितीही.
एंटर.

चार हजार एकशे बारा ओळी बदलल्या, यंत्र म्हणालं.
चूक नाही, इशारा नाही,
वाण्यानं उधारी वाचून दाखवावी तशा आवाजात.

मग तिनं हान्नुसची ओळ उघडली.
हान्नुस. एक मोकळी जागा. पूर्णविराम.
पहिल्या कंसातून आत शिरलेला तारा
पहिल्या दाराशी थांबलाच नव्हता,
शेवटचं दार सापडेपर्यंत चालत गेला
आणि वाटेत लागली ती एल्स्पा, ती सुन्नेवा,
ओली आणि त्याचा गोवर,
सगळं पदरात बांधून घेऊन गेला.
हावरा म्हणतात त्याला. शिवी नाही,
शास्त्रातलंच नाव आहे.

माझ्या भाषेत या खुणेला कंस म्हणतात.
मार्यूनला हे ठाऊक असायचं कारण नाही.
आमच्याकडे त्या नावाचा एक मामा होता,
बंदिशाळेच्या दाराशी उभा राहून
बहिणीची पोरं मोजायचा.

काल रात्रीची प्रत होती, म्हणून बरं.
ताऱ्यामागे तिनं एक प्रश्नचिन्ह ठेवलं.
प्रश्नचिन्ह पाठीशी असलं की तारा बिचकतो,
पहिल्याच दाराशी विचारतो, इथंच उतरू का?
एल्स्पा परत आली. सुन्नेवा परत आली.
पण ओलीचा गोवर हलेना.
एकदा पुसलं की याचं काम संपलं,
सगळीकडे पुस म्हणून वेगळं सांगावं लागतं,
शेवटी एक जी जोडून.
बरं, जोडला.

तरी एक ओळ उरलीच.
दोन हजार दोनशे सात.
योएन्स पेटुर (परतायचा आहे, बायको मालान, मुलगे तीन
बस. पुढे कोरं.
ती हावऱ्या ताऱ्यालाही पुरून उरली होती :
मिटणारं दार त्याला मिळालंच नाही,
आणि सबंध घर वाचलं.

कारकून विसरला बघ, मार्यून म्हणाली.
बारदुर तळघरातून मूळ वही घेऊन आला होता,
कोपरावर विरलेला स्वेटर, बाहीला धूळ.
विसरला नाही, तो म्हणाला.
दर रविवारी मालान यायची वही बघायला.
त्यानं टाक दौतीत बुडवला की मनगट धरायची.
अकरा वर्षं.
मग तो कारकून गेला, मग ती.
तुला कसं ठाऊक?
पणजी, एवढंच म्हणून तो चष्मा पुसत बसला,
स्वच्छ होता तरी.

शून्य ओळी शिल्लक, असा अहवाल हवा होता दुपारपर्यंत.
एक बटण. करंगळीच्या अंतरावर.
कर्सर मुलगे तीनच्या पुढे लुकलुकत होता,
बंदराच्या तोंडाशी दिवा ठेवावा तसा.
मार्यूननं हात मांडीवर घेतला,
थोड्या वेळानं अहवाल उघडला
आणि टाइप केलं :

शिल्लक ओळी, एक (परतायचा आहे